पुस्तक आधीच घेतलं होतं, तरी बिलात लागलंच

तुमची पोस्ट वाचली आणि मला माझा २०१८ चा सप्टेंबर आठवला. तुमच्या मुलीने इथे अमेरिकेतल्या कॉलेजात सीनियरकडून ३० डॉलरला जुनं पुस्तक घेतलं, तरी फीच्या बिलात 'कोर्स मटेरियल' म्हणून १२६ डॉलर लागले, आणि ऑफिस म्हणतं नको म्हणायची मुदत गेली. माझ्या बाबतीत आकडा वेगळा होता, बाकी सगळं हेच. म्हणून जरा लांब लिहिते आहे. मी वकील नाही, कुठल्या कॉलेजात नोकरीलाही नाही. जे भोगलं आणि नंतर बसून वाचलं, तेवढंच सांगते. राज्याराज्यांत आणि कॉलेजाकॉलेजांत फरक असतो हे धरून वाचा.

तेव्हा मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावरून मिळणाऱ्या व्हिसावर, होते. घरात बसून राहण्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचा कोर्स घेतला. भावाने अप्पा बळवंत चौकातून त्याच पुस्तकाची भारतीय आवृत्ती घेतली आणि येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवली. लेखक तेच, आवृत्तीचा क्रमांक तोच, फक्त कागद पातळ आणि छपाई काळी-पांढरी. प्राध्यापकांना दाखवलं, ते म्हणाले चालेल, गृहपाठ मी वर्गातच कागदावर देतो. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या ईमेलवर 'तुमचं ई-बुक तयार आहे' असा मेल आला. मी ते उघडलं नाही. पण शंका आली म्हणून दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या खिडकीवर जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, उघडलं नाहीत तर पैसे लागणार नाहीत. मी विश्वास ठेवला आणि घरी आले. सगळ्यात महाग पडलेली चूक ती हीच.

महिन्याभराने बिलात ११४ डॉलर. अकाउंट्सवाल्यांनी पुस्तकांच्या खिडकीवर पाठवलं, खिडकीने प्रकाशकाचा हेल्पलाइन नंबर दिला, हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे कॉलेजने लावलेत, कॉलेजशी बोला. चौथ्या फेरीत एका बाईंनी निदान खरं काय ते सांगितलं: त्या पहिल्या मेलमध्येच खाली ऑप्ट-आउटची, म्हणजे 'मला हे नको' असं कळवायची, लिंक होती, ठरलेल्या तारखेच्या आत ती दाबायची होती. उघडलं की नाही याचा काही संबंधच नाही. मी म्हटलं, मी मुदतीच्या आत येऊन विचारलं होतं हो. त्यांनी विचारलं, कोणाला, कधी, काही लेखी आहे? माझ्याकडे काहीच नव्हतं. मी त्या दिवशी खिडकीवर न जाता दोन ओळींचा मेल टाकला असता, तर तारखेसकट पुरावा असता. एका पगारात चालणारं घर होतं, ११४ डॉलर म्हणजे आमचा आठवड्याचा किराणा होता. वर सत्र संपल्यावर ते ई-बुक बंद झालं. विकता येत नाही, मागच्या मुलाला देता येत नाही. भावाने पाठवलेलं पुस्तक मात्र पुढे दोघींनी वापरलं.

आता कायद्याचं. बऱ्याच जणांना वाटतं की याबद्दल नियमच नाहीत. आहेत. अमेरिकेच्या २००८ च्या हायर एज्युकेशन ऑपॉर्च्युनिटी ॲक्टमध्ये (उच्च शिक्षणाचा कायदा) कलम १३३ आहे, १ जुलै २०१० पासून लागू. त्याप्रमाणे कॉलेजने कोर्सच्या वेळापत्रकातच पुस्तकाचा आयएसबीएन (आवृत्तीचा ओळख-क्रमांक) आणि किंमत द्यायची असते, म्हणजे नोंदणी करतानाच खर्च कळतो. प्रकाशकाने प्राध्यापकाला किंमत, आधीच्या तीन आवृत्त्यांची वर्षं आणि नव्या आवृत्तीत खरोखर काय बदललं ते सांगायचं. पुस्तक, सीडी, प्रकाशकाच्या साइटवर जायचा कोड असा गठ्ठा असेल तर प्रत्येक वस्तू सुटीही विकायची. हे आलं कशातून, तर सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००५ च्या अहवालात दिसलं होतं की डिसेंबर १९८६ ते डिसेंबर २००४ मध्ये पाठ्यपुस्तकांच्या किमती १८६ टक्के वाढल्या, महागाईच्या जवळपास दुप्पट वेगाने. पुस्तक निवडतात प्राध्यापक आणि पैसे मोजतो विद्यार्थी, मग किंमत खाली येणार कशी?

पण हा कायदा दात नसलेला आहे, हे माझं स्पष्ट मत. 'जमेल तेवढं' अशी सवलत आहे, त्यामुळे किंमत नसेल तर 'नंतर ठरेल' एवढं लिहून मोकळं होता येतं. आणि त्याच कलमात लिहिलंय की शिक्षण खात्याने यावर नियम करायचे नाहीत. मग अंमलबजावणी करणार कोण?

बिलात परस्पर पैसे लागण्याचा प्रकार मात्र वेगळ्या नियमातून येतो, तो २०१६ पासूनचा. सरकारी मदतीच्या पैशातून पुस्तकांची रक्कम फीमध्येच धरायची असेल, तर साधारण तीन अटी आहेत: दर बाजारभावापेक्षा कमी हवा, सत्राच्या सातव्या दिवसापर्यंत पुस्तक हातात मिळायला हवं, आणि विद्यार्थ्याला नको म्हणायची सोय हवी. नको म्हणायची! हवं असेल तर हो म्हणा, असं नाही. माझा सगळा राग इथे आहे. गप्प बसलेल्या माणसाची संमती धरायची, तीही अठरा वर्षांच्या मुलाची, ज्याला पहिल्या आठवड्यात शंभर मेल येतात. २०२४ मध्ये शिक्षण खात्याने हे बदलून आधी संमती घ्यावी असा प्रस्ताव चर्चेला आणला होता, पण तो नियम झाला नाही. खासदारांना पत्र लिहिणारे कोणी इथे असतील तर याच एका गोष्टीवर लिहा.

तुमच्यासाठी लगेच करण्यासारखं: तुम्ही वडील म्हणून फोन करू नका, विद्यार्थ्यांच्या खाजगीपणाच्या कायद्यामुळे ते बहुधा तुमच्याशी बोलणारच नाहीत. मुलीने स्वतः, कॉलेजच्या ईमेलवरून लिहायचं. कोर्स क्रमांक, पुस्तक कधी घेतलं त्याची पावती किंवा व्हेन्मोचा (पैसे पाठवायचं ॲप) स्क्रीनशॉट, आणि एकच प्रश्न: ऑप्ट-आउटची सूचना मला कुठल्या तारखेला, कुठल्या मेलने दिली? पुस्तकांच्या दुकानाला, अकाउंट्सला आणि विभागप्रमुखांना एकाच मेलमध्ये घ्या, म्हणजे टोलवाटोलवी होणार नाही. विद्यार्थी ऑम्बड्समन (विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) असेल तर त्यांनाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही. मला मिळाले नाहीत. पण मी उशिरा आणि तोंडी बोलले होते.

एक सावधगिरी. गृहपाठ त्या प्रकाशकाच्या साइटवरच भरायचा असेल तर ऑप्ट-आउट केल्यावर गृहपाठच बंद होतो, आणि जुन्या पुस्तकातला कोड आधीच वापरलेला असतो. त्यामुळे आधी प्राध्यापकांना विचारायचं, तेही मेलवर.

भारतातून पुस्तकं आणणाऱ्यांसाठी: 'फक्त भारतात विक्रीसाठी' हा शिक्का बघून घाबरू नका. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये कर्टसेंग खटल्यात, कॉर्नेलमध्ये शिकलेल्या एका थाई विद्यार्थ्याच्या बाजूने, ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला: परदेशात रीतसर घेतलेली प्रत इथे आणून विकताही येते. फक्त धड्याखालच्या उदाहरणांचे क्रमांक कधीकधी वेगळे असतात, म्हणून लायब्ररीच्या रिझर्व्ह (तिथेच बसून वाचायच्या) प्रतीतून तेवढ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

पुढच्या सत्राची नोंदणी करताना शून्य-खर्चाचे, म्हणजे पुस्तक विकत घ्यावं न लागणारे, वर्ग शोधा. कॅलिफोर्नियात २०१८ पासून सरकारी कॉलेजांना असे वर्ग वेळापत्रकात खुणेने दाखवावे लागतात, ऑरेगन आणि टेक्सासमध्येही तसे कायदे आहेत. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाची अकाउंटिंगची पुस्तकं आता फुकट आहेत. माझ्या वेळी ती यायची होती.

मुलगी कुठल्या राज्यात शिकते ते लिहा, आणि बिलावर ती रक्कम नेमकी कुठल्या नावाने लावली आहे तेही. नावावरून कुठल्या खिडकीला आधी धरायचं ते कळतं.