मूतखड्यामुळे नळी बसवलेल्या बोकडाची घरी निगा कशी राखावी?

आपण लिहिले आहे की आपला खच्ची केलेला बोकड कुंथत होता, पोटफुगी समजून त्याला तेल पाजले गेले आणि शेवटी मूतखड्याने लघवीची वाट बंद झाल्याचे निघाल्यावर डॉक्टरांनी पोटातून मूत्राशयात नळी बसवून त्याला घरी पाठवले. आता तो खात नाही आणि लेंड्याही कमी टाकतो. जनावरांच्या दवाखान्यात शुश्रूषेचे काम करत असल्यामुळे सांगतो की यापुढे आपल्याला लघवी आणि रवंथ या दोन्हींवर सारखेच लक्ष ठेवावे लागेल.

आधी नळीविषयी. तिच्यातून लघवी थेंब थेंब सतत येत राहिली पाहिजे. ती थांबलेली दिसली तर नळी कुठे मुडपली आहे का ते पाहावे, आणि तसे नसेल तर तिच्यात स्वतः काही न घालता लगेच डॉक्टरांना कळवावे. नैसर्गिक वाट मोकळी झाली का हे तपासण्यासाठी नळी काही वेळ बंद ठेवतात, पण ती केव्हा आणि किती वेळ बंद करायची हे त्यांनीच ठरवायचे असते. बोकडाला वेगळे बांधावे, कारण कळपातल्या शेळ्या लोंबणारी कुठलीही वस्तू चघळतात. लघवीने भिजलेली कातडी सोलवटते, म्हणून ती कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करावी आणि भोवती व्हॅसलीन लावावे. टाक्यांवर माश्या बसू देऊ नयेत, नाहीतर अळ्या पडतात.

कुंथणारा बोकड अचानक शांत झाला तर हायसे वाटून घेऊ नये. मूत्राशय फुटले की कळ थांबते, लघवी पोटात साठते आणि पोट खालच्या बाजूला दोन्हीकडे सुटते. पोटफुगीत मात्र डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांच्या मागचा कुशीतला खळगा, वर येते आणि टिचकी मारल्यास ढबढब वाजते. हा फरक गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा, कारण कुंथणे दिसले की बद्धकोष्ठ किंवा पोटफुगी समजण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि त्यात मोलाचा वेळ जातो. वाट बंद असताना लघवी वाढवणारे औषध देणेही तितकेच घातक असते.

भुकेबद्दल सांगायचे तर, जनावर उपाशी राहिले की कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटातले, सूक्ष्मजीव मरू लागतात; त्यामुळे त्याला लगेच मका किंवा पेंड दिल्यास पोट आंबते. सुरुवात तुरीच्या भुसाने आणि शेवरी किंवा बाभळीच्या पाल्याने, थोडे थोडे करून करावी. डाव्या भकाळीला कान लावल्यास मिनिटाला एक-दोनदा गडगड ऐकू आली पाहिजे. अंगाचे तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरेनहाइटच्या दरम्यान असणे ठीक. त्याच्या वर किंवा खाली गेल्यास कळवावे. औषध पाजताना मान पाठीच्या रेषेपेक्षा उंच धरू नये आणि आडव्या पडलेल्या बोकडाला काहीच पाजू नये, कारण औषध फुप्फुसात उतरते. तेल पाजल्यानंतर तो खोकत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खडा होण्याचे कारण बहुधा खुराकात सापडेल. बकरी ईदसाठी वजन वाढवताना मका आणि गव्हाचा कोंडा भरपूर दिला जातो. दोन्हींत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते, तर आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट लागते. शिवाय बोकडाचा मूत्रमार्ग इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला असतो, टोकाला तो गांडुळासारखा बारीक होतो आणि लवकर खच्ची केल्यास अरुंदच राहतो. त्यामुळे मका-कोंड्याचा हा खुराक तोडावा, स्वच्छ पाणी दिवसभर समोर ठेवावे, थंडीत ते कोमट द्यावे आणि चाटायला मीठ ठेवावे. नवसागराने (अमोनियम क्लोराइड) फॉस्फेटचे खडे विरघळतात, पण सगळ्याच प्रकारचे नाहीत. म्हणून तो वजनानुसार आणि डॉक्टरांनी सांगितल्यासच द्यावा. दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. पुढच्या करडांना किती वयात खच्ची करायचे, तेही याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावे.