कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू असताना घरी काय काळजी घ्यावी?

दादा, परभणीजवळच्या गावात राहणाऱ्या तुमच्या वडिलांना आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी सुरू झाली आणि दुसऱ्या सायकलमध्येच, म्हणजे गोळ्यांच्या दुसऱ्या फेरीतच, तळहात लाल झालेत. ही उष्णता आहे का, गोळी चालू ठेवावी का आणि त्यांना शेतात जाऊ द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण अंबाजोगाईजवळ आमच्या घरी आईने याच गोळ्यांच्या आठ सायकल घेतल्या आणि प्रत्येक डोस मी माझ्या हाताने दिला. त्या अनुभवावरून लिहितो.

तळहात लाल होणं ही उष्णता नाही. आमच्याकडेही "गोळी गरम पडली" म्हणून सब्जा, मेंदी, थंडाई सगळं सुचवून झालं होतं. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात आणि या गोळीचा हा ठरलेला दुष्परिणाम आहे. तिसऱ्या सायकलच्या दहाव्या दिवशी आई भाकरी थापता थापता थांबली. "पिठाला तिखट लागलंय का रे?" म्हणाली. मी परातीतलं पीठ चाखून पाहिलं, साधं ज्वारीचं पीठ. मग तिचा हात उजेडात धरला तर तळवा गुलाबी, चकचकीत, बोटांच्या पेरांवर सूज. त्या दिवसापासून उकडीचं गरम पाणी, तवा, राखेने भांडी घासणं, कपडे पिळणं सगळं बंद केलं. अंघोळीला कोमट पाणी, पायात मऊ सुती मोजे आणि सैल चप्पल, घरातसुद्धा. दिवसातून तीन-चार वेळा युरिया असलेलं क्रीम नुसतं लावायचं, चोळायचं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. डायक्लोफेनॅक या दुखणं कमी करणाऱ्या औषधाचं जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के लोकांना हातापायांचा जास्त त्रास झाला, औषध नसलेलं साधं जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्के लोकांना. याबद्दल तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. हे जेलबद्दल आहे, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका.

नुसती लाली किंवा मुंग्या असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. दुखू लागलं, फोड आले, शर्टाची गुंडी लावता येईना, पाय टेकवेना, तर गोळी थांबवून लगेच फोन करा. असं थांबवणं म्हणजे उपचार सोडणं नाही. त्रास उतरला की डॉक्टर तीच गोळी पुन्हा चालू करतात, गरज वाटली तर डोस कमी करून.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण आमची चूक इथंच झाली. हातांची नाही, जुलाबांची. चौथ्या सायकलला आईला रात्री तीनदा जावं लागलं आणि तिने ते लपवलं. "उगं डाक्टरला फोन करू नको, महागाच्या गोळ्या, वाया कशाला घालायच्या." दोन दिवस ती गोळ्या घेतच राहिली. तिसऱ्या दिवशी ओसरीतून उठता येईना, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. तीन दिवस सलाईन लागलं. केमो म्हटलं की माणसाला सुई आणि केस जाणं आठवतं. या गोळीत बहुतेकांचे केस जात नाहीत, म्हणून घरच्यांना ती साधी गोळी वाटते. पण शरीरात गेल्यावर ती ५-एफयू होते, म्हणजे तेच औषध जे शिरेतून देतात. शिरेतून देताना शेजारी नर्स असते. घरी ते काम तुमचं आहे. वडिलांना रोज स्पष्ट विचारा, किती वेळा गेलात, रात्री उठलात का. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त, किंवा रात्री एकदाही जुलाब झाला, तर गोळी बंद आणि फोन. तोवर ओआरएस, पेज, आंबील थोडं थोडं देत राहा. जुलाब थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच. टँकरचं पाणी येत असेल तर उकळूनच द्या.

ताप हात लावून बघू नका, थर्मामीटर आणा. १००.४ किंवा जास्त आला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असू शकतात. छातीत दुखलं तर अजिबात थांबू नका, ही गोळी काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसवते. छत्रपती संभाजीनगर किंवा बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल तुमच्यापासून तासन् तास लांब, म्हणून आधी जवळचा दवाखाना गाठा आणि गोळीची स्ट्रिप त्यांच्या हातात द्या. काही थोड्या लोकांच्या शरीरात ही गोळी निकामी करणारं डीपीडी नावाचं एंझाइम कमी असतं. त्यांना पहिल्याच सायकलमध्ये तोंडभर फोड आणि जोराचे जुलाब होतात. असं झालं तर पुढची गोळी द्यायचीच नाही.

वेळेचं म्हणाल तर जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्यासोबत, सकाळ-संध्याकाळ साधारण बारा तासांच्या अंतराने. आमचं १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असं होतं, मी कॅलेंडरवर खुणा करायचो. डोस चुकला किंवा उलटी झाली तर दुप्पट देऊ नका. गोळी फोडायची नाही, कुटायची नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हात लावायचा नाही. तुम्हीही दिल्यावर हात धुवा.

आमच्या मेडिकलवाल्याने अशक्तपणासाठी दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळीत फॉलिक अ‍ॅसिड होतं. त्याने या गोळीचा त्रास वाढतो. डॉक्टरांनी पाकीट उलटून बघितलं तेव्हा कळलं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी किंवा फिटची फेनिटॉइन गोळी चालू असेल तर तेही आजच सांगा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. बोटांचे ठसे पुसट होतात. डिसेंबर २००८ मध्ये ही गोळी घेणाऱ्या सिंगापूरच्या एका रुग्णाला ठसे न उमटल्यामुळे अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडकवलं होतं, तशी नोंद आहे. आईला रेशनच्या मशीनने तीनदा नाकारलं, ती रडवेली होऊन परत आली. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. वडिलांचा मोबाइल नंबर आधारला जोडून घ्या म्हणजे ओटीपीवर कामं होतील. अंगठ्यावर पैसे काढत असाल तर आताच एटीएम कार्ड काढून ठेवा. गोळ्या संपल्यावर आईचे ठसे काही आठवड्यांत परत आले.

शेतात जाऊ द्या, माणूस घरात बसून खचतो. फक्त सकाळी उन्हाआधी, बांधावरून फेरी मारून यायची. खुरपं, कुदळ, फवारणी नाही, अनवाणी तर नाहीच. आणि तळवे लाल झाल्याचं उद्या डॉक्टरांना फोन करून सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.