व्यायाम चुकत नाही, मग अंडाशयाचा कर्करोग कसा?

प्रश्न : माझे वय ५३ आहे. रोज पहाटे टेकडी चढते, दोन अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत, साखर किंवा रक्तदाब नाही. दोन महिन्यांपासून मात्र पोट फुगल्यासारखे वाटते, अर्ध्या भाकरीत जेवण संपते आणि लघवीला वारंवार जावे लागते. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मैत्रीण म्हणते, सोनोग्राफी कर. माझ्यासारख्या धडधाकट बाईला अंडाशयाचा कर्करोग होऊ शकतो का? (पुणे)

उत्तर : होऊ शकतो. मैत्रिणीचे ऐका आणि सोनोग्राफी याच आठवड्यात करून घ्या. बहुधा गंभीर काही निघणार नाही, कारण पोट फुगण्याची साधी कारणे या कर्करोगापेक्षा कितीतरी अधिक आढळतात; परंतु पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली आणि आठवडे उलटले तरी न थांबलेली ही तीन लक्षणे एकत्र असताना केवळ गोळ्यांवर थांबणे योग्य नाही.

नियमित व्यायामाने हृदयविकार, मधुमेह, तसेच स्तनाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. अंडाशयाच्या कर्करोगाबाबत मात्र तसा ठोस पुरावा नाही. येथे धोका ठरतो तो मुख्यतः वय, आनुवंशिकता आणि आयुष्यभरात अंडाशयातून किती वेळा बीज बाहेर पडले यावरून. म्हणूनच गरोदरपण, स्तनपान आणि काही वर्षे घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे तो घटतो. या आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार तर बहुतेकदा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो, असे आता मानले जाते.

तंदुरुस्त स्त्रीची अडचण वेगळीच असते. ती स्वतः म्हणते, ‘मला काय धाड भरली आहे?’ आणि तिचा सडपातळ बांधा पाहून डॉक्टरही गॅस, पाळी जाण्याचे वय, ताण अशी कारणे पुढे करतात. या आजाराला मुका म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. लक्षणे बहुतेकींना असतात, पण ती इतकी रोजची असतात की त्यांना कोणी किंमत देत नाही. ओटीपोटात पाणी साठू लागले की वजनकाटा तोच आकडा दाखवत राहतो, मात्र दंड आणि चेहरा उतरतो आणि परकराची नाडी पूर्वीच्या गाठीवर बसेनाशी होते. पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीची घाई, यांपैकी काहीही महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा होत असेल, तर कॅलेंडरवर खुणा करून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. ‘अधूनमधून होते’ असे सांगितल्याने तपासणी लांबते.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, जिमला जाते. कंपनीच्या आरोग्य तपासणीत सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय तपासणारी रक्तचाचणी ४८ आली. मर्यादा ३५ आहे. रात्रीची झोप उडाली आहे. (नाशिक)

उत्तर : ही चाचणी तुमच्या वयाच्या, लक्षणे नसलेल्या स्त्रीच्या पॅकेजमध्ये असायलाच नको होती. पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी) असल्यास, गरोदरपणात, यकृताच्या आजारात हा आकडा वाढतो. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगात तो शेकड्यांत जातो, पोटात पाणीही होते, आणि कर्करोग समजून शस्त्रक्रिया केल्यावर क्षयरोग निघाल्याची उदाहरणे आहेत. उलटपक्षी, पहिल्या टप्प्यातील कर्करोग असलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांत हा आकडा नेहमीचाच असतो.

सर्वांचीच दरवर्षी तपासणी करून जीव वाचतात का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर पडताळून पाहिले गेले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतील अशाच अभ्यासात, २०११ मध्ये, त्याहून बोलके चित्र दिसले. तेथे कर्करोग नसतानाही चाचणीत संशय दिसलेल्या १,०८० स्त्रियांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून एकदा योनीमार्गे सोनोग्राफी करा. ती निर्दोष असेल, तर काही आठवड्यांनी, पाळी चालू नसताना, चाचणी पुन्हा करायची की नाही हे त्या ठरवतील.

प्रश्न : माझा पॅप स्मिअर नुकताच निर्दोष आला. म्हणजे अंडाशयही ठीक आहेत ना? (सोलापूर)

उत्तर : नाही. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची आहे. अंडाशयाबद्दल ती काही सांगत नाही.

प्रश्न : माझ्या आत्याला अंडाशयाचा, तर आजीला (वडिलांच्या आईला) स्तनाचा कर्करोग झाला होता. मी ३८ वर्षांची, योगशिक्षिका आहे. आई म्हणते, असे आजार आईकडूनच येतात, त्यामुळे काळजी नको. (कोल्हापूर)

उत्तर : आईंचा समज चुकीचा आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितक्याच सहज येतो. वडील स्वतः ठणठणीत असू शकतात, एवढेच. दोष असेल तर अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभरातील धोका बीआरसीए-१ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडा अधिक, आणि बीआरसीए-२ मध्ये साधारण १० ते ३० टक्के असतो, तर सर्वसाधारण स्त्रीमध्ये तो एक टक्क्याच्या आसपास राहतो. कितीही सूर्यनमस्कार घातले तरी ही दरी बुजत नाही.

आत्या हयात असतील तर रक्ताची चाचणी आधी त्यांची व्हावी. त्यांच्यात दोष सापडला, तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. चाचणीपूर्वी जनुकीय समुपदेशन घ्या. दोष आढळलाच, तर मुले झाल्यानंतर, बीआरसीए-१ असल्यास ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात, दोन्ही अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. त्याने पाळी अकाली जाते, हाडांची आणि हृदयाची काळजी वाढते, म्हणून हा निर्णय घाईचा नव्हे. लेखी अहवाल हाती आला की भावंडांना आणि चुलत-आतेभावंडांनाही कळवा. आपल्या घरांत लग्ने अडतील या भीतीने हे दडवले जाते आणि त्याची किंमत धाकट्या बहिणी मोजतात.

प्रश्न : पत्नी ५८ वर्षांची, अत्यंत काटक. सोनोग्राफीत अंडाशयाची ९ सेंमीची, आत घट्ट भाग असलेली गाठ आणि थोडे पाणी दिसले. येथील डॉक्टर दुर्बिणीतून गाठ लगेच काढू म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी लागली, तर तिचे चालणे बंद करावे लागेल का? (रत्नागिरी)

उत्तर : दोन-चार दिवस थांबा. या वयात अशी गाठ कर्करोगाची नाही असे गृहीत धरून काढू नये आणि सुई घालून तिचा तुकडाही घेऊ नये; गाठ फुटली तर पेशी पोटभर पसरू शकतात. आधी सीटी स्कॅन आणि सीए-१२५ करून स्त्रीरोग कर्करोगाच्या शल्यविशारदांना दाखवा. परळचे टाटा रुग्णालय दूर वाटले, तरी पहिल्या शस्त्रक्रियेत आजार पूर्ण निघतो की मागे राहतो यावर पुढचे बरेच अवलंबून असल्यामुळे हा प्रवास वाया जाणार नाही.

चालण्याबाबत मात्र निश्चिंत असा. तिचा काटकपणा येथे कामी येतो : मोठी शस्त्रक्रिया आणि दर तीन आठवड्यांनी दिली जाणारी कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधांची चक्रे काटक रुग्ण अधिक चांगली सोसतात. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली, तर साधारण सहा आठवडे पाण्याची कळशी किंवा जड पिशवी उचलू नये; चालणे दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांच्या सांगण्याने, सुरू करता येते. केमोथेरपीच्या काळात घरी थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.