मालिकेचा प्रकार कशावरून ओळखावा?

डेली सोप, मिनी-सिरीज, अँथॉलॉजी आणि सीझन यांत नेमका फरक काय, आणि ‘रात्रीस खेळ चाले’ यांपैकी कशात बसते, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे एका मराठी दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिले असल्याने हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. भागांची संख्या किंवा आठवड्यातले वार मोजून प्रकार ठरवायला गेले की गोंधळ उडतो. पहिला भाग लिहिताना लेखकाला शेवट ठाऊक असतो का, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. बाकीचे बहुतेक फरक त्यातूनच निघतात.

‘सोप’ हे नाव १९३० च्या दशकातल्या अमेरिकी रेडिओवरून आले, कारण गृहिणींसाठी दुपारी लागणाऱ्या श्रुतिकामालिकांना साबण कंपन्या पैसा पुरवत. ही कथा संपवण्यासाठी रचलेलीच नसते. इंग्लंडमधली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली ती आजही चालू आहे, आणि आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालून तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. अशी मालिका आतून कशी चालते, हे एका प्रसंगावरून सांगतो. आमच्या मालिकेत नणंदेचे काम करणाऱ्या अभिनेत्रीला अचानक कावीळ झाली. पुढच्या आठवड्याची सगळी दृश्ये तिच्याभोवती बेतलेली होती आणि चित्रित होऊन हाताशी असलेले भाग, ज्याला आम्ही ‘बँक’ म्हणतो, फक्त तीन होते. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही तिचे संवाद थोरल्या जावेच्या तोंडी घातले आणि नणंदेला आजारी मामीच्या सेवेसाठी कोल्हापूरला पाठवून दिले. ती जाऊ प्रेक्षकांना इतकी आवडली की टीआरपीचे आकडे पाहून वाहिनीने तिचाच ट्रॅक, म्हणजे उपकथानक, वाढवायला सांगितला, आणि दोन महिन्यांत कथा तिची झाली. सोपमध्ये हे चालते, कारण कुठे पोहोचायचे हे कुणी आधी ठरवलेलेच नसते.

रोज लागते ती सोप, असे मात्र समजू नये. लॅटिन अमेरिकेतली टेलिनोव्हेलाही सहसा आठवड्यातून पाच-सहा दिवस लागते, पण तिची कथा काही महिन्यांत ठरलेल्या शेवटाला जाते. १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ची प्रेरणा मेक्सिकोतल्या अशाच मालिकांकडून आलेली होती.

मिनी-सिरीज सोपच्या अगदी उलट असते: मोजक्या भागांची आणि शेवट आधीच ठरलेली. अमेरिकेत जानेवारी १९७७ मध्ये ‘रूट्स’ सलग आठ रात्री दाखवली गेली. २०१९ च्या ‘चेर्नोबिल’चे पाचच भाग आहेत. हल्ली रूढ झालेला ‘लिमिटेड सिरीज’ हा शब्द बहुधा याच अर्थाने वापरतात. ‘चेर्नोबिल’च्या आरंभीच शास्त्रज्ञ लेगासव्ह आपले म्हणणे टेपवर नोंदवून आत्महत्या करतो, आणि त्यानंतर कथा दोन वर्षे मागे, अणुभट्टीतल्या स्फोटाच्या रात्रीकडे जाते. संपूर्ण संहिता हातात असल्याखेरीज असा आरंभ लिहिण्याचे धाडस कुणी करणार नाही, आणि म्हणूनच लेखक म्हणून मला या प्रकाराचा सर्वाधिक हेवा वाटतो.

ज्या मालिकेत पात्रे तीच राहतात, पण प्रकरण बहुधा त्याच भागात मिटते, तिला एपिसोडिक म्हणतात. १९९३ ची गुप्तहेर मालिका ‘व्योमकेश बक्षी’ मुख्यतः तशी होती. अँथॉलॉजीत पात्रेही बदलतात, जसे ‘ब्लॅक मिरर’च्या जवळजवळ प्रत्येक भागात नवे जग असते.

सीझन हा वास्तविक स्वतंत्र प्रकार नसून मांडणीची रीत आहे. अमेरिकी वाहिन्यांवर सप्टेंबर ते मे या काळात सुमारे २२ भाग दाखवण्याची जुनी प्रथा होती. नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेराही भाग एकदम खुले केले. येथे लेखकाला त्या सीझनचा शेवट ठाऊक असतो, परंतु पुढचा सीझन मिळेल की नाही हे ठाऊक नसते. त्यामुळे शेवटच्या भागात एक दार बंद करून दुसरे किलकिले ठेवावे लागते.

आता ‘रात्रीस खेळ चाले’. रोज रात्री लागत असल्याने तिच्या निर्मितीची घाई सोपचीच होती, परंतु गूढाची उकल करणे भाग असल्याने २०१६ चे पहिले पर्व, म्हणजे सीझन, त्याच वर्षी संपले. ज्या अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून ते पर्व सुरू झाले, ते २०१९ च्या दुसऱ्या पर्वात जिवंत होते, कारण ती पूर्वकथा होती. अण्णांचे पुढे काय होणार हे तेव्हा प्रेक्षकांनाही माहीत होते. तिसरे पर्व २०२१ मध्ये आले. त्यामुळे मी तिला पर्वांत विभागलेली दैनंदिन मालिका म्हणेन. रोज प्रसारित होत असली, तरी सोप म्हणणार नाही.