चौकड्यावर ठिपके चालतात का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी कपाटातले जुने ड्रेस पुन्हा कसे वापरता येतील यावर लिहिलं होतं, त्यात सहज एक ओळ टाकली होती की सेट मोडा, एकाचा कुर्ता घ्या आणि दुसऱ्याची ओढणी घ्या. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. बहुतेकींची भीती एकच, की प्रिंटवर प्रिंट घातलं की भडक दिसेल. त्यातले काही प्रश्न आज घेतेय.

ताई, मी नुकतीच नोकरीला लागलेय. माझ्याकडे सहा ड्रेस आहेत, सगळे सेटचे. तुमचं वाचून अजरखच्या कुर्त्यावर बांधणीची ओढणी घेतली तर आई म्हणाली, हे काय शिमग्याचं सोंग! खरंच वाईट दिसतं का? – एक वाचक, ठाणे

आधी आईवर रागावू नकोस हं. आपल्या आयांची पिढी मॅचिंग सेंटरवर वाढलीये. साडी पिशवीत घालून दुकानात जायचं, दुकानदार टू बाय टू रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे, दहा गुलाबी गठ्ठे काउंटरवर टाकणार, मग त्यातले दोन घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन बघायचं कारण ट्यूबलाइटखाली रंग वेगळाच दिसतो. इतकं डोळ्यात तेल घालून रंग जुळवलेल्या बाईला अजरखवर बांधणी बघून धक्का बसणारच. पण त्या रंग जुळवणाऱ्या नजरेचाच तुला आता उपयोग आहे, कारण प्रिंट मिक्स करताना सगळ्यात आधी रंगच बघायचा असतो.

अजरख आणि बांधणी ही जोडी मला मनापासून आवडते. दोन्ही कच्छची, आणि तिथली कितीतरी खत्री कुटुंबं दोन्ही कामं करतात. अजरख म्हणजे लाकडी ठशांची भूमिती, प्रत्येक चांदणी जिथल्या तिथे. बांधणीत कापडाची चिमूट हाताने दोऱ्याने बांधलेली असते, त्यामुळे ठिपका कुठे जरा मोठा, कुठे जरा तिरका. म्हणजे एक कडक आणि एक मोकळं, एकाचा आकार मोठा आणि एकाचा बारीक, म्हणून ती एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

मग आईला काय खटकलं असेल? माझा अंदाज आहे की लाल. अस्सल अजरखमधला लाल हा मंजिष्ठा या वनस्पतीच्या रंगाच्या जातीचा, विटकरीकडे झुकणारा असतो, आणि बाजारात मिळणारी बरीचशी बांधणी ही केमिकल रंगातली, गुलाबी झाक असलेल्या लालची. नाव दोघांचं लालच, पण शेजारी ठेवले की भांडतात. त्याऐवजी अजरखमधल्या निळ्यासारख्याच गडद निळ्या रंगाची बांधणी घेऊन बघ, किंवा विटकरी मिळाली तर उत्तमच. दोन कपड्यांत निदान एक रंग अगदी तोच हवा, त्याच्या जवळपासचा चालत नाही. इथे मी हट्टी आहे. बाकी नियम वाकवता येतात, हा नाही.

रंग जमला की आकार बघायचा. दोन्हीकडे एकाच मापाची फुलं असली तर नजर कुठे थांबवायची तेच कळत नाही. तळहाताएवढा बुट्टा असेल तर त्याच्यासोबत मोहरीएवढा ठिपका नाहीतर बारीक रेघ घे. बारीक चौकडा तर पाच-सहा फुटांवरून प्लेनच दिसतो, म्हणून ज्यांना भीती वाटते त्यांनी सुरुवात बारीक चौकड्यापासून करावी असं मी नेहमी सांगते.

अजून एक युक्ती, ही मला फार उपयोगी पडलीये. दोन्ही कपडे पलंगावर शेजारी ठेव, फोटो काढ आणि तो फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट कर. रंग निघून गेले की नुसता गडद-फिका खेळ उरतो. दोन्ही कपडे सारखेच गजबजलेले दिसले तर ती जोडी सोड, एक शांत आणि एक बोलका दिसला तर बिनधास्त घाल. एका दुपारी सहाही ड्रेस पलंगावर पसरून हे करून बघ, सेट जोडताना दुकानदाराला सुचल्या नसतील अशा चार-पाच जोड्या नक्की निघतील. आणि पँट मात्र सध्या प्लेन ठेव, कुर्त्याच्या जमिनीच्या, म्हणजे प्रिंटच्या मागच्या रंगाची. तिसरं प्रिंट नंतर, हात बसला की.

मी 58 वर्षांची आहे. सासूबाईंच्या दोन इरकली साड्या माझ्याकडे आल्यात, एक काळी बारीक चौकड्याची आणि एक हिरवी. टेलर म्हणतो प्लेन ब्लाउज शिवा, सूनबाई म्हणते कलमकारी शिवा. मी कोणाचं ऐकू? – एक वाचक, सांगली

ताई, दोघांचंही नका ऐकू, खणाचा शिवा!

माझ्या आजीचं मला आठवणारं रूप म्हणजे हिरवं चौकड्याचं लुगडं आणि जांभळी खणाची चोळी. लुगड्याच्या अंगावर चौकडा, काठावर वेगळी नक्षी, पदर तिसऱ्याच घाटाचा आणि चोळीवर खणाची बारीक बुट्टी. मोजलं तर चार पॅटर्न झाले एका बाईच्या अंगावर, आणि तरी ती कधी भडक दिसली नाही, शेतात निघाली काय किंवा हळदीकुंकवाला निघाली काय. तिला कोणी मिक्स अँड मॅच शिकवलं नव्हतं. मला तर वाटतं की सगळं एकाच रंगात जुळवायचं हेच आपल्याकडे नंतर आलं, आधीच्या बायका ठिपके, रेघा, चौकडे, बुट्ट्या सगळं एकत्र नेसत होत्या आणि नजरेने ते सांभाळत होत्या.

आता इरकल आणि खण इतकं का जमतं ते बघा. इळकल (आपण इरकल म्हणतो ते) आणि गुळेदगुड्ड ही दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली, म्हणजे साडीचं गाव आणि खणाचं गाव शेजारीशेजारीच. रंगसुद्धा त्यामुळे एकाच घरातले वाटतात, डाळिंबी, जांभळा, हिरवा, काळा. आणि खणाची बुट्टी विणलेली असते, छापलेली नसते, एका मापाने ओळीत येते, म्हणून ती चौकड्याच्या शिस्तीला धरून राहते. इरकलीच्या पदरावर तुम्ही बघितलं असेलच, लाल आणि पांढऱ्यात ते दातेरी आकार असतात, टोपतेनी पदर म्हणतात तो. तो आधीच इतका बोलतो की ब्लाउजने त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलू नये.

काळ्या साडीला पदरातला लाल घ्या, डाळिंबीकडे जाणारा. हिरवीला काठ कुठल्या रंगाचा आहे ते बघून तोच रंग घ्या. शिवताना एक काळजी घ्या, खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा टेलरला आधी दाखवा आणि बाही लांब हवी असेल तर एक खण जास्तीचा आणा. खणाचा काठ बाहीला आलाच पाहिजे, काही टेलर तो आत दुमडून टाकतात किंवा कापून फेकतात, माझा एक सुंदर खण असाच वाया गेलाय आणि त्याचं दुःख अजून आहे. आत सुती अस्तर लावा.

सूनबाईंची कलमकारी पूर्ण चुकीची नाही हं. पण तिच्यात दोन जाती आहेत, आंध्रातल्या श्रीकालहस्तीची कलमाने हाताने काढलेली, आणि मछलीपट्टणजवळच्या पेडनाची ठशांची. पाठीवर मोठा चेहरा किंवा मोठा मोर आला तर इरकलीच्या पदराशी तो झगडतो. पेडनाच्या बारीक वेलबुट्टीचा काळा-विटकरी पीस मिळाला तर काळ्या साडीवर तोही छान दिसेल. मग असं करा ना, लाल खणाचा एक शिवा, कलमकारीचा एक शिवा, साडी एक आणि ब्लाउज दोन. सूनबाईही खूश.

मला चेक्सचे शर्ट आवडतात, कपाटात दुसरं काही नाहीच. घरच्या लग्नासाठी इकतचं नेहरू जॅकेट घेतलंय. आत प्लेन पांढराच घालावा लागेल का? – एक वाचक, नाशिक

नाही, दादा. पोचमपल्लीच्या वगैरे इकतमध्ये सूत विणायच्या आधीच बांधून रंगवतात, म्हणून विणल्यावर नक्षीच्या कडा थोड्या पुसट, पिसासारख्या येतात. त्या पुसट कडांना शेजारी कडक आणि बारीक रेघ मिळाली की दोन्ही उठून दिसतात. तेव्हा तुमच्याकडचा सगळ्यात बारीक चेक्सचा शर्ट काढा, जॅकेटमधला एखादा रंग त्यात असला की झालं. मोठ्या चौकटीचा, दोन-दोन इंचांच्या डब्यांचा शर्ट मात्र नको, कारण जॅकेटच्या गळ्यातून त्याचे अर्धेमुर्धे डबे दिसतात आणि ते तुकड्यासारखं वाटतं.

माझं वजन जास्त आहे. सगळे सांगतात गडद रंग घाल, उभ्या रेघा घाल, मोठं प्रिंट नको, आडव्या रेघा तर नकोच. मग मी मिक्स तरी काय करू? – एक वाचक, सोलापूर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ज्यांनी ज्यांनी हे तुला सांगितलंय त्यांनी तुझ्या कपाटातली अर्धी मजा काढून घेतलीये, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उभ्या रेघांनी बारीक दिसतं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की एकाच मापाचे दोन चौकोन घेतले, एकात आडव्या रेघा भरल्या आणि दुसऱ्यात उभ्या, तर आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसतो, म्हणजे आपण ऐकतो त्याच्या अगदी उलट. आता माणूस काही कागदावरचा चौकोन नाही, कपडा अंगावर वळतो, त्याला चुण्या पडतात, तेव्हा यावरून मी तुला आडव्याच रेघा घाल असंही सांगणार नाही. पण ज्या नियमाला घाबरून तू इतकी वर्षं काढलीस तो काही पक्का नाहीये एवढं नक्की.

मोठं प्रिंट तर तू घालच. उलट अगदी बारीक फुलांचं प्रिंट मोठ्या कपड्यावर खूप वेळा येतं आणि नजर फिरत राहते. मोठ्या बुट्ट्याचा कुर्ता, त्यावर बारीक लहरियाची ओढणी, हे मी तुझ्यासाठी डोळ्यांसमोर बघतेय आणि मला ते फार सुंदर दिसतंय. लहरियाच्या रेघा तिरक्या असतात ना, त्यामुळे ओढणी खांद्यावरून खाली आली की नजर पण तिच्यासोबत वरून खाली येते. लोकांचं लक्ष तुला जिथे हवंय तिथे सगळ्यात बोलकं प्रिंट ठेव, चेहऱ्याजवळ हवं असेल तर ओढणी नाहीतर गळ्याची पट्टी. आणि खांद्याची शिवण खांद्यावरच बसतेय ना ते बघ. माझा अनुभव असा की ज्याला आपण प्रिंटचा दोष म्हणतो तो दहापैकी सात वेळा फिटिंगचा असतो.

गोव्याची लाल-पांढऱ्या चौकड्याची कुणबी साडी घेतलीये. तिच्यावर पोलका डॉटचा ब्लाउज चालेल का? – एक वाचक, मडगाव

चालेल, ठिपका चौकड्याच्या घरापेक्षा लहान हवा, आणि लालवर पांढरा घ्या, पांढऱ्यावर लाल नको. पांढऱ्यावर लाल ठिपके साडीशेजारी विखुरल्यासारखे दिसतात. ही साडी मुळात शेतात राबणाऱ्या बायकांची, आखूड नेसायची आणि खांद्यावर गाठ मारायची, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा लोकांसमोर आणली तेव्हा कुठे शहरातल्या बायकांनी तिच्याकडे नीट बघितलं. म्हणून तिच्यावर फार चमकणारं काही घालू नका, ब्लाउज सुतीच ठेवा. मी तर म्हणेन कधीतरी गाठ मारून नेसून पण बघा.

ताई, प्रिंट मिक्स करायला घेतले आणि पहिल्याच पावसात ओढणीचा निळा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरला. आता काय? – एक वाचक, कोल्हापूर

अरेरे. वाळू देऊ नकोस, अजून ओला असेल तर गार पाण्याखाली धर, आणि गरम पाणी किंवा इस्त्री डाग पूर्ण जाईपर्यंत अजिबात नको. वाळून बसला असेल तर तो कुर्ता फिकट निळ्यात रंगवून घेता येईल, तोही मग ओढणीला जुळेल.

पुढच्या वेळी नवीन कपडा जोडीने घालायच्या आधी पांढरा सुती रुमाल ओला कर, कपड्याच्या आतल्या बाजूला दहा-पंधरा सेकंद चोळ आणि बघ. रंग आला तर तो कपडा दोन-तीनदा गार पाण्यात एकटाच धू, सावलीत वाळव आणि परत रुमाल लाव. नीळ (इंडिगोचा रंग) तर कोरडीसुद्धा घासून उतरते, तेव्हा पहिले काही दिवस निळ्या कपड्यासोबत पांढरी पर्स घेऊ नकोस.