आईच्या गोळ्या, ध्यान आणि पेशींचं वय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या दादांनी विचारलंय : आईला नैराश्यासाठी चार महिने गोळ्या चालू आहेत, आता बरं वाटतंय. गावातल्या शिबिरात सांगितलं की ध्यानानं पेशींचं वय घटतं, मग गोळ्या कशाला? आणि टेलोमिअरची रक्ततपासणी करावी का?

गोळ्या मनानं बंद करू नका. एकदम सोडल्या तर गरगरतं, झोप उडते, जीव घाबराघुबरा होतो. शिवाय बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने त्या घ्यायच्या असतात, नाहीतर आजार उलटण्याची भीती असते. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

शिबिरवाले अगदीच खोटं बोलले असं नाही. दोरीचा पीळ सुटू नये म्हणून टोकाला गाठ मारतात, तसं गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतं. पेशी विभागली की ते थोडं आखूड होतं, म्हणून त्याच्या लांबीवरून पेशीच्या वयाचा अंदाज बांधतात. टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) ते भरून काढतं. या शोधाला 2009चं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्यांपैकीच एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या 2004च्या अभ्यासात, स्वतःच्या आजारी मुलांना सांभाळणाऱ्या आयांपैकी ज्यांना ताण जास्त जाणवत होता त्यांचे टेलोमिअर आखूड दिसले. नैराश्यातही सरासरीनं तसंच दिसतं, पण फरक लहान आहे, आणि कशामुळे काय झालं हे त्यावरून ठरत नाही.

दिल्लीच्या एम्समधला 2018चा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. नैराश्याचे 58 रुग्ण, 12 आठवडे. योग-ध्यान करणाऱ्या गटाची लक्षणं ते न करणाऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली, मेंदूतल्या पेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिनही रक्तात वाढलं. मात्र औषधं दोन्ही गटांची चालूच होती! हे शिबिरात कोणी सांगत नाही.

तपासणीवर पैसे घालवू नका. ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर करतात, त्यांचं मिश्रण बदललं तरी आकडा हलतो. आणि आकडा काहीही आला तरी आईचे उपचार तेच राहणार.

ध्यानाचं म्हणाल तर, मन फार खचलेलं असताना डोळे मिटून तासभर बसवू नका. तेच तेच विचार फिरत राहतात. आधी सकाळचं चालणं, थोडी आसनं. आपल्याकडच्या बायका ध्यान म्हटलं की बिचकतात, पण भजनी मंडळात टाळ घेऊन हौसेनं बसतात. तिथं पाठवा. त्यानं टेलोमिअर वाढतात असं मी म्हणणार नाही. घराबाहेर पडणं, चार बायकांत मिसळणं हा मात्र नैराश्यावरच्या उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टरांशी कन्नडमध्ये बोलताना आई नुसतंच ‘बरं आहे’ म्हणत असेल, तर तुम्ही सोबत जा. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर मराठीही निवडता येते. धारवाडचं डिम्हान्स हे सरकारी मनोरुग्णालय तुम्हाला बंगळूरपेक्षा पुष्कळ जवळ आहे. ‘जगून काय करू’ असं ती बोलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.