बाकावरच्या सतरा जणी

पोरी,

तुझा मेल परवा रात्री वाचला आणि आधी पाच मिनिटं नुसती हसत बसले, कारण तू चौदा प्रश्न विचारलेस आणि त्यातले अकरा फॉर्मेशनचे, म्हणजे मैदानात कोणाला कुठे उभं करायचं याचे. चार-तीन-तीन का तीन-पाच-दोन, हाय प्रेस कधी करायचा, लो ब्लॉक कधी. अगं, तू अमेरिकेतल्या कॉलेजात मुलींच्या सॉकर (म्हणजे आपल्या फुटबॉलच्या) टीमला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून चाललीयस, शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम. फॉर्मेशनबद्दल पहिली दोन वर्षं तरी तुला कोणी काही विचारत नाही. विचारतील ते हे, की पिनी किती आहेत, बॉलची पिशवी बसमधे चढली का, आणि त्या लेफ्ट बॅकचं काय बिनसलंय, दोन दिवस गप्प का आहे. (पिनी म्हणजे आपले बिब, प्रॅक्टिसला दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून जर्सीवर घालतात ते. मी पहिल्या दिवशी अर्धा तास स्टोअररूममधे टाचण्या शोधत होते, तुझं तसं नको व्हायला.)

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला टीम निघाली की स्टाफ म्हणजे काय, एक कोच सर, एक मॅनेजर मॅडम, आणि फर्स्ट एडचा डबा गोलकीपरच्या बॅगेत. तिथे गेल्यावर तुला पहिला धक्का बसेल तो माणसं बघून. हेड कोच, तिच्या खाली असोसिएट हेड कोच, मग एक-दोन असिस्टंट, गोलकीपर कोच वेगळी, बस-हॉटेल-जेवण बघणारी डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, अॅथलेटिक ट्रेनर, जिमची स्ट्रेंथ कोच, व्हिडिओवाला, आकडे आणि बातम्या बघणारा, अभ्यासाचं बघणारी अॅडव्हायझर. आणि सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. तुझ्या तोंडात 'मॅडम' येणारच, माझ्या आठ महिने येत होतं, पण तिकडे मॅडम म्हटलं की समोरच्याला वाटतं ही चिडलीय. नुसतं 'कोच' म्हण, चालतं.

ट्रेनर म्हणजे ट्रेनिंग देणारी नव्हे हां, हे एक लक्षात ठेव. ती दुखापती बघते, आणि डोक्याला मार लागलेली किंवा गुडघ्याचं लिगामेंट तुटून परत येणारी मुलगी कधी खेळणार हे ती आणि टीमचे डॉक्टरच सांगणार. तिच्या शब्दापुढे हेड कोचचंसुद्धा चालत नाही आणि चालू नये. मुलींचं एसीएल, म्हणजे तेच गुडघ्यातलं लिगामेंट, मुलांपेक्षा दुप्पट-तिपटीने तरी जास्त तुटतं, त्यामुळे ती वॉर्मअपची वीस मिनिटं मागेल ती कधीही कापायची नाहीत, ऊन असो, उशीर असो, रेफ्री शिट्टी घेऊन उभा असो.

एवढा सगळा थाट कशामुळे तर १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजला शिक्षणात मुलींशी भेदभाव करता येणार नाही, खेळातही नाही, आणि मग हळूहळू मुलींच्या सॉकर टीम निघाल्या, एनसीएएची (कॉलेजच्या खेळांची तिकडची संघटना) पहिली स्पर्धा १९८२ ला, आज नुसत्या डिव्हिजन वनमधे, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, तीनशेहून जास्त टीम आहेत. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही ती मी सांगते. १९७२ च्या आधी कॉलेजातल्या मुलींच्या टीमना नव्वद टक्क्यांहून जास्त बायकाच कोच होत्या, तुटपुंज्या पगारात, पीटीच्या टीचर असायच्या. कायदा आला, पैसा आला, आणि पैशामागून पुरुष आले. आता निम्म्याहून कमी बायका आहेत. सॉकरचं बघ, डिव्हिजन वनची ट्रॉफी बाई हेड कोचने पहिल्यांदा जिंकली ती १९९८ ला, फ्लोरिडाच्या बेकी बर्लीने, तेही तोवर जवळजवळ दरवर्षी जिंकणाऱ्या नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीला हरवून. सोळा वर्षं गेली तोपर्यंत! तेव्हा बाकावर उभी राहशील तेव्हा जरा ताठ उभी राहा, एवढंच.

आता मुद्द्यावर येते, कारण माझं सांगणं खरं तर एकच आहे.

कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्यात २०२५ ला कोर्टात तडजोड झाली, त्यानंतर बऱ्याच मोठ्या कॉलेजांत मुलींच्या सॉकरचं रोस्टर, म्हणजे टीमची यादी, २८ वर थांबतं. मैदानात किती? अकरा. राहिल्या सतरा. त्या सतरा तुझ्या. हेड कोचच्या डोक्यात अकरा असतात, फार तर सोळा, आणि ते बरोबरच आहे, तिची नोकरी त्या अकरांवर आहे. असोसिएट हेड कोचच्या डोक्यात पुढच्या वर्षीच्या रिक्रूट, म्हणजे टीममधे घ्यायच्या नव्या मुली. उरलेल्या मुली कोणाच्याच डोक्यात नसतात, आणि त्या मुली मूर्ख नाहीत, त्यांना ते दुसऱ्या आठवड्यातच कळतं. प्रत्येकजण आपापल्या गावात, आपापल्या क्लबात एक नंबर होती. आपल्या कोल्हापुरात पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळणारा पोरगा कसा, गल्लीत त्याला सगळे ओळखतात, चहाचे पैसे घेत नाहीत, आणि त्यालाच उद्या कुठेतरी नेऊन बाकावर बसवलं तर त्याचं काय होईल? तसंच ते. फक्त ही पोरगी अठरा वर्षांची, घरापासून हजार मैल, आणि दर मॅचनंतर आईचा फोन, "किती मिनिटं खेळलीस?"

या सतरांचं काम कधी असतं माहितीये? मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्या खेळल्या त्या सायकल मारणार, स्ट्रेचिंग करणार, बर्फाच्या टबात बसणार. ज्या खेळल्या नाहीत त्यांना दमवायचं असतं, नाहीतर त्यांचा फिटनेस उतरतो आणि ज्या दिवशी घ्यायला लागेल त्या दिवशी पोटरी धरून बसतात. हे सेशन कोणालाच नको असतं म्हणून ते सगळ्यात ज्युनिअरच्या गळ्यात पडतं. माझं पहिलं असं सेशन ऑक्टोबरमधे, सकाळी आठ, गवतावर पांढरं दव गोठलेलं, नऊ मुली आणि तिसऱ्या नंबरची कीपर. आदल्या दिवशी टीम जिंकलेली त्यामुळे यांना रडताही येत नव्हतं. मी कागदावर छान ड्रिल काढून आणलेलं, पोझेशनचं, सहा पासचं वगैरे. पाचव्या मिनिटाला बघते तर कोणाच्या अंगात जीवच नाही, बॉल गेला तर गेला. तो कागद घडी करून खिशात घातला, दोन छोटे गोल जवळ ओढले, पाच-पाच जणी आणि एक जोकर (बॉल ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूने खेळणारा), हरेल त्यांनी गोल उचलून न्यायचे. आणि मी स्वतः जोकर म्हणून आत शिरले. पंधरा मिनिटांत एवढा आरडाओरडा सुरू झाला की टबात बसलेल्या दोघी बघायला बाहेर आल्या. तेव्हापासून मी त्या सेशनला आधी मॅच आणि नंतर ड्रिल, असंच करते. पुस्तकात उलटं लिहिलंय, असू दे.

नॉर्थ कॅरोलिनाचे कोच अॅन्सन डॉरन्स यांचं तू लिहिलंयस, की त्यांच्यासारखं प्रत्येक ड्रिलचा स्कोअर ठेवून यादी लावायची. 'कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन' म्हणतात त्याला, मूळ कल्पना त्यांनी तिथल्याच बास्केटबॉलच्या डीन स्मिथच्या प्रॅक्टिसवरून उचलली. माणूस मोठा, १९७९ पासून २०२४ पर्यंत एकाच टीमला, एनसीएएची २१ टायटलं, मधे अमेरिकेला १९९१ चा पहिला महिला वर्ल्ड कपही जिंकून दिला. पण ती यादी चालली कारण शेजारी बिल पॅलाडिनो होता, जवळजवळ चार दशकं असिस्टंट, ज्याच्याकडे मुली यादी वाचून झाल्यावर जायच्या. नुसती यादी उचलून आणणारे कोच मी बघितलेत. भिंतीवर अठ्ठावीस नावं लागतात, आणि चोविसावी मुलगी तो कॉरिडॉरच टाळायला लागते, लांबच्या दाराने आत येते. यादी लावणार असशील तर त्या लांबच्या दारापाशी उभी राहा.

आता माझी चूक सांगते, ही मी फारशी कोणाला सांगत नाही. दुसऱ्या वर्षी एक मुलगी होती, विंगर, सगळा सीझन मिळून तिला चाळीस-पन्नास मिनिटं मिळालेली. गुरुवारी प्रॅक्टिसमधे भन्नाट खेळली, आणि मी कोन गोळा करता करता तिला म्हटलं, "संडेला तुझा नंबर लागणार बघ." बस्स, एवढंच. मला कोणी विचारलं नव्हतं, मी हेड कोचशी बोललेही नव्हते, मला फक्त तिचा चेहरा बरा झालेला बघायचा होता. तिने घरी फोन केला. आईबाप पाच तास गाडी चालवून आले, आज्जीला घेऊन, तिच्या नंबरचे टीशर्ट घालून. मॅच शेवटपर्यंत शून्य-शून्य, असल्या मॅचमधे कोण बदल करतंय? ती नव्वद मिनिटं वॉर्मअप करत राहिली. मॅच संपल्यावर आज्जी माझ्याकडे आली आणि थँक्यू म्हणाली, मुलीची काळजी घेता म्हणून. त्या दिवशी बसमधे मी कोणाकडे बघू शकले नाही. आमच्या हेड कोचने दुसऱ्या दिवशी दार लावून एवढंच सांगितलं, की मिनिटं वाटायचं काम माझं, ते तू उधारीवर वाटू नकोस. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून, मिनिटांचं प्रॉमिस कधीही नाही. मग द्यायचं काय? तर खरं कारण. "तू डाव्या पायाने क्रॉस टाळतेस म्हणून ती पुढे आहे, रोज पंधरा मिनिटं मी थांबते, चल." मुलगी कारण पचवते, आशा पचत नाही.

आणि ती मुलगी तुला काही सांगायला आली, 'कोणाला सांगू नकोस हां' असं म्हणून, तर तिला तिथेच थांबवून सांगायचं की काही गोष्टी मला वर सांगाव्याच लागतात. छळ, जबरदस्ती, जिवाचं बरंवाईट, अशा गोष्टी पोटात ठेवायची तुला परवानगीच नसते. २०२२ मधे सॅली येट्सचा रिपोर्ट आला, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या कोचेसच्या छळाबद्दल, तो एकदा वाच. वर्षानुवर्षं कितीतरी जणांना माहिती होतं आणि प्रत्येकाला वाटलं, सांगणं हे दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे. आपल्याकडचं 'जाऊ दे, टीमचं नाव खराब होईल' हे विमानतळावरच टाकून जा.

हेड कोचशी कसं वागायचं विचारलंस. खोलीत भांड, बाहेर नाही. मुलींसमोर चुकूनही 'मला वाटतं तू खेळायला हवी होतीस' म्हणू नकोस, त्या एका वाक्याने टीमचे दोन तुकडे होतात. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो, त्यातली पहिली तीन-चार मिनिटं स्टाफ लॉकररूमच्या बाहेर उभा राहतो, मुली पाणी पितात, आपापसात बोलतात. त्या तीन मिनिटांत हेड कोच तुझ्याकडे वळून 'काय?' विचारेल, आणि तुझ्याकडे एक वाक्य पाहिजे. एकच. 'त्यांची सहा नंबर आपल्या कॉर्नरला मोकळी राहते.' मी पहिल्यांदा वहीची दोन पानं वाचायला लागले तर ती दार उघडून आत गेलीसुद्धा.

कॉर्नरवरून आठवलं. सेट पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री किक वगैरे, बहुतेक स्टाफमधे असिस्टंटकडेच असतात, ते मागून घे. २०२२ ची एनसीएए फायनल बघ, यूसीएलए (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध दोन-शून्यने मागे, एक परत केला, आणि घड्याळात १६ सेकंद उरलेले असताना कॉर्नरवरून बरोबरी. मग एक्स्ट्रा टाइममधे तीन-दोन. हेड कोच मार्गरीट आओझासा, त्या जागेवर तिचं पहिलंच वर्ष, त्याआधी कितीतरी सीझन स्टॅनफर्डला असिस्टंट. डॉरन्स २०२४ ला सीझनच्या तोंडावर निवृत्त झाले तेव्हाही त्यांच्या असिस्टंटनेच, डेमन नेहसने, टीम हातात घेतली आणि त्याच डिसेंबरमधे टायटल आणलं. मला काय म्हणायचंय ते तुला कळलं असेल.

तासांचं बघ. मुलींना सीझनमधे आठवड्याला २० तास, दिवसाला चार, एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि मॅच कितीही लांबली तरी तीनच तास धरतात. तुझ्या एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावरही टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम. मुलींचे तास मोजायचं काम तुलाच देतील आणि तुझे मात्र कोणी मोजणार नाही, ते तू रोजच्या रोज वहीत लिही आणि भरले की ऑपरेशन्सवालीला स्पष्ट सांग, लाजू नकोस. आपल्याला 'नाही' म्हणायची सवय नाही, पण व्हिसा तुझा आहे, टीमचा नाही.

बाकी किरकोळ. थर्मल दोन जोड घे, नोव्हेंबरमधे बाकावर बसून राहणाऱ्या माणसाला जास्त थंडी वाजते. बसमधल्या बॉक्स लंचमधे तुझ्या वाट्याला चीज सँडविच आणि सफरचंद येईल, तयारी ठेव. गाडी चालवायला शिकूनच जा, टीमची व्हॅन असिस्टंटलाच चालवायला लागते आणि रस्त्याची बाजू उलटी.

आणि रंकाळ्यावरून निघायच्या आधी एक किलो कांदा-लसूण चटणी माझ्यासाठी घे, नीट डबल पॅक कर, मागच्या वेळी एकीने आणलेली तिच्या शिनगार्डमधून खरवडून काढायला लागली होती. पोचलीस की रोस्टर पाठव.

तुझी,
ताई